नागपुरात बॉक्सिंग शिकवणारे वैयक्तिक फिटनेस प्रशिक्षक होताना: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

माझ्या पहिल्या क्लायंट धंतोलीत राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीच्या एक बाई होत्या. दोन दिवस नुसते शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करून त्या कंटाळल्या होत्या आणि त्यांनी खूश होऊन घरी जावे असे मलाही वाटत होते, म्हणून तिसऱ्याच दिवशी मी त्यांना पंचिंग बॅगेसमोर उभे केले. चौथ्या दिवशी त्यांचे उजवे मनगट सुजले आणि पुढचे तीन आठवडे त्यांना कीबोर्डवर नीट काम करता आले नाही. तोपर्यंत मी आठ वर्षे बॉक्सिंग केले होते आणि महाविद्यालयाकडून स्पर्धांतही उतरले होते, पण नवख्या माणसाचे मनगट आपल्या मनगटासारखे तयार नसते ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांची निदान एवढी चूक तरी टळावी, यासाठी मी माझी पद्धत इथे क्रमाने मांडत आहे.

१. कोणाला शिकवणार, ते आधी ठरवा

स्पर्धेसाठी बॉक्सर घडवणे आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला बॉक्सिंगच्या व्यायामातून तंदुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी अल्फिया पठाण आपल्या नागपूरचीच, त्यामुळे तिचे उदाहरण देत मुलींना घेऊन येणारे पालक तुम्हाला नक्की भेटतील. मुलीला खरोखर स्पर्धेत उतरायचे असेल, तर आठवड्यातून तीन वैयक्तिक तासांनी ते होणार नाही हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे आणि मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन चौकशी करण्यास सुचवावे. अशा मुलांना जोडीदार, रोजचा सराव आणि स्पर्धांचे वेळापत्रक लागते. फी मिळते म्हणून त्यांना वर्षभर आपल्याकडे अडकवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

हा लेख दुसऱ्या प्रकारच्या कामाविषयी आहे, आणि त्यातील माझा पक्का नियम असा की फिटनेसच्या क्लायंटला डोक्यावर ठोसा बसेल असे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, द्यायचे नाही. क्लायंट कितीही आग्रह करो, हेडगार्ड असो वा नसो. हेडगार्डमुळे कातडी फाटणे कमी होते, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही.

२. प्रमाणपत्रे: एक खेळाचे, एक शरीराचे आणि एक प्राणाचे

पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून देशाला प्रशिक्षक पुरवत आली आहे. आपल्या बोलण्यात ती ‘एनआयएस’ म्हणून ओळखली जाते. तिथे बॉक्सिंगच्या प्रशिक्षणाचा पूर्णवेळ डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरी सांभाळून या व्यवसायात उतरणाऱ्यांना सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम झेपण्यासारखा असतो. प्रवेशाच्या अटी आणि तारखा संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

खेळाच्या प्रमाणपत्राने शरीरशास्त्र येत नाही. त्यासाठी अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारख्या संस्थेची वैयक्तिक प्रशिक्षकाची परीक्षा देता येते, किंवा राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेतील क्रीडा व फिटनेस परिषदेचा अभ्यासक्रम करता येतो. शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्याचा विचार असेल, तर अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळच आहे.

तिसरे प्रमाणपत्र प्रथमोपचार आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या पद्धतीचे), आणि मी त्याला पहिला मान देते. प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि प्रत्येक ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे, हे वाचून कळते. हातांना त्याची सवय मात्र पुतळ्यावर सराव केल्यावरच लागते. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि तुम्ही जिथे शिकवता तिथला नेमका पत्ता एका कागदावर लिहून भिंतीवर लावून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीचे नावसुद्धा आठवत नाही.

३. कागदपत्रे

सुरुवातीला पुढील कागद एका फाइलमध्ये तयार असावेत:

- आधार, पॅन आणि व्यवसायासाठी वेगळे बँक खाते
- प्रशिक्षणाची आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रे (प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा)
- उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी)
- स्वतःची जागा घेतल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना; कामगारांची संख्या कमी असल्यास ऑनलाइन सूचना पुरेशी असते
- जागामालकाशी किंवा जिमशी केलेला लेखी करार
- आरोग्य प्रश्नावली आणि संमतिपत्र, मराठी व हिंदी दोन्हींत
- अल्पवयीनांना शिकवणार असल्यास पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि मी स्वतः अशाच एका ठिकाणी पैसे भरून बसले होते. जीएसटीची चिंता पहिल्या वर्षी सहसा करावी लागत नाही, कारण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. व्यावसायिक दायित्वाचा (शिकवताना क्लायंटला इजा झाल्यास भरपाईचा) विमा मिळतो का, हे मात्र एखाद्या विमा प्रतिनिधीला जरूर विचारा.

लेखी कराराविषयी थोडे अधिक सांगते. शहरातील एका जिममध्ये मी तोंडी ठरलेल्या साठ-चाळीसच्या हिशेबावर काम सुरू केले. तीन महिन्यांनी क्लायंट वाढल्यावर तोच हिशेब उलटा झाला, आणि मी निघाले तेव्हा ‘हे क्लायंट जिमचे आहेत’ असे मला ऐकवण्यात आले. पैशाची वाटणी कशी, ती किती काळासाठी, काम सोडल्यास क्लायंट कोणाचे आणि साहित्य तुटल्यास खर्च कोणाचा, हे चार मुद्दे कागदावर असल्याशिवाय पहिला तास घेऊ नये.

४. साहित्य

नवखे प्रशिक्षक पहिल्याच महिन्यात महागडी बॅग घेतात आणि पॅडवर, म्हणजे ठोसे झेलायला प्रशिक्षकाने हातात घालायच्या गाद्यांवर, काटकसर करतात. माझा सल्ला नेमका उलट आहे. पॅडवरच तुमचे मनगट आणि कोपर अवलंबून असते, म्हणून थोडे वाकलेले, तळहाताशी जाड गादी असलेले चांगले फोकस पॅड आधी घ्या. क्लायंटसाठी १२ औंसांचे ग्लोव्हज बॅग आणि पॅड या दोन्हींना चालतात. वजनदार किंवा जोरकस व्यक्तीला १४ औंसांचे द्यावेत. बँडेज, म्हणजे हाताला बांधायची पट्टी, १८० इंचांची घ्यावी. १२० इंचांची पट्टी लहान मुलांच्या हाताला पुरते, पण मोठ्यांच्या हाताला ती मनगटापाशीच संपते. याशिवाय दोरी, राउंडची घंटा देणारे टायमर ॲप, जमिनीवर खुणा करायला रंगीत टेप आणि प्रथमोपचार पेटी एवढे पुरे.

सीताबर्डीच्या खेळसाहित्याच्या दुकानांत ग्लोव्हज हातात घालून पाहता येतात, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे. बँडेज बांधून मगच माप पाहा. ग्लोव्हज आणि बँडेज प्रत्येक क्लायंटने स्वतःचेच आणावेत, असा नियम ठेवा. एकमेकांचे ओले ग्लोव्हज वापरल्यामुळे कातडीचे विकार पसरतात, आणि त्याचा दोष अर्थातच तुमच्या वर्गाला लागतो.

५. पहिल्या भेटीत एकही ठोसा नाही

पहिला तास विचारपूस आणि निरीक्षण यांसाठी ठेवा. आरोग्य प्रश्नावलीत हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब, सांध्यांचे दुखणे आणि चालू औषधे यांची नोंद घ्यावी, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर डॉक्टरांची लेखी परवानगी मागावी. ‘काही नाही हो, थोडी शुगर आहे’ हे वाक्य तुम्ही वारंवार ऐकाल. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल, तर जोराचा व्यायाम दृष्टीवर बेतू शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी केव्हा झाली तेही विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा ग्लुकोज सोबत ठेवणे बंधनकारक करा.

त्यानंतर क्लायंटला हात वर न्यायला सांगा, खुर्चीवरून उठबस करून घ्या, एका पायावर उभे करा. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांचे खांदे पुढे झुकलेले असतात आणि कंबर वळत नाही. असा माणूस क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना सगळा भार खांद्यावर घेतो आणि महिन्याभरात खांदा धरतो. त्यांना आधी पाठीचे आणि कमरेचे व्यायाम द्यावे लागतात. किती कॅलरी जळतील आणि किती किलो उतरतील याची आश्वासने देऊ नका, कारण जेवण तुमच्या हाती नसते; शनिवारच्या सावजीपुढे आपले काही चालत नाही.

६. बँडेज बांधायला शिकवणे

हे काम क्लायंटला स्वतःचे स्वतः जमेपर्यंत पुढे जाऊ नये. आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायला सांगा आणि नखे कापलेली आहेत का ते पाहा. फासा अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या मागच्या बाजूने न्यावी, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या पेरांवर तीन वेढे, मग बोटांच्या तिन्ही फटींतून एकेक फेरा, अंगठ्याला एक आणि उरलेली सगळी पट्टी पुन्हा मनगटाला. बांधताना बोटे पसरलेली ठेवावीत, म्हणजे मूठ आवळल्यावर पट्टी नेमकी घट्ट बसते. बोटांची टोके पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडून नव्याने बांधावी.

मूठ वळताना अंगठा बोटांच्या बाहेर आणि खाली हवा. मार तर्जनी आणि मध्यमेच्या पेरांवर घ्यायचा. करंगळीच्या बाजूने मारल्यास तळहातातले करंगळीच्या रेषेतले पाचवे हाड मोडू शकते, आणि त्या दुखापतीला वैद्यकीय भाषेतही ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असेच म्हणतात, जरी ते बॉक्सरपेक्षा भिंतीवर राग काढणाऱ्यांना अधिक होत असले तरी.

७. तंत्राचा क्रम

पहिले दोन आठवडे स्टान्स, म्हणजे उभे राहण्याची पद्धत, आणि चालणे. उजवा हात जोरकस असलेल्या व्यक्तीचा डावा पाय पुढे, पाय खांद्याइतके रुंद, पुढच्या पायाचा पंजा किंचित आत वळलेला, मागची टाच उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, मुठी गालांपाशी आणि कोपरे बरगड्यांजवळ. जमिनीवर टेपची एक सरळ रेघ चिकटवा आणि दोन्ही पाय तिच्या दोन बाजूंना राहतील असे पाहा. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले की नुसत्या बोटाने ढकलले तरी माणूस कलंडतो. एकदा तसे हलकेच ढकलून दाखवा, नंतर समजावत बसावे लागत नाही. चालण्याचा नियम एकच: ज्या दिशेला जायचे त्या बाजूचा पाय आधी, दुसरा त्यामागून तेवढाच, आणि पाय कधीही एकमेकांना ओलांडणार नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. हात सरळ पुढे जातो, शेवटच्या टप्प्यात मूठ वळून तळवा खाली येतो, खांदा हनुवटीला झाकतो आणि हात गेला त्याच वाटेने परत येतो. परत येताना हात कमरेकडे घसरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दुसरी चूक कोपर बाहेर फेकण्याची; ती मोडण्यासाठी मी क्लायंटला भिंतीला डावा खांदा जवळजवळ टेकवून जॅब मारायला लावते, म्हणजे कोपर बाहेर फेकले की भिंतीला लागते. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातोंडातून छोटा श्वास बाहेर सोडायला शिकवा, कारण श्वास कोंडून मारण्याने रक्तदाब चढतो आणि दोन मिनिटांत दम संपतो.

क्रॉस शिकवताना हाताविषयी बोलूच नका. मागचा पाय सिगारेट विझवल्यासारखा पंज्यावर फिरवा, कमर वळेल, आणि हात आपोआप मागोमाग जाईल. हुक, म्हणजे बाजूने येणारा वळता ठोसा, हा सर्वांत अवघड, म्हणून तो दुसऱ्या महिन्याआधी देऊ नये. त्यात कोपर जवळपास काटकोनात आणि मुठीच्या उंचीला हवे. कोपर खाली राहिले की मनगट वाकते, आणि माझ्या वहीत मनगटाच्या ज्या तक्रारी आहेत त्यांपैकी बहुतेक हुकच्याच आहेत. अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, त्यानंतर. ठोशांना १ ते ६ असे क्रमांक देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे: १ जॅब, २ क्रॉस, ३ पुढच्या हाताचा हुक, ४ मागच्या हाताचा हुक, ५ आणि ६ अपरकट. त्यामुळे ‘एक-एक-दोन’ एवढे म्हटले की पुरते.

बचाव शेवटी ठेवू नका. स्लिप (डोके बाजूला काढणे), रोल (वाकून ठोशाखालून जाणे) आणि ब्लॉक (हातांवर ठोसा अडवणे) हे जॅब-क्रॉसबरोबरच शिकवले तर गुडघे वाकतात, कमर वळते, आणि व्यायाम म्हणूनही त्यांचा उपयोग ठोशांपेक्षा कमी नाही. दोन भिंतींमध्ये छातीच्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून रोल करत पुढे-मागे जायला सांगावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खोल वाकवू नये आणि दोरीच्या उड्यांऐवजी जागच्या जागी पावले टाकायला द्यावीत.

डावखुऱ्या क्लायंटचे सगळे आरशातल्यासारखे उलटे असते. त्यांना तुमच्या सोयीसाठी उजव्यांच्या स्टान्समध्ये उभे करू नका.

८. पॅड धरणे

क्लायंटला वाटते की पॅड धरणारा नुसता उभा असतो, आणि दुर्दैवाने बरेच प्रशिक्षकही तसेच मानतात. पॅड कानांच्या बाहेर दूर धरले की तुमचे तोंड सुरक्षित राहते, पण क्लायंटला मात्र रिकाम्या हवेत, रुंद मारायची सवय लागते. पॅड आपल्या चेहऱ्यासमोर, खांद्यांच्या रुंदीच्या आत आणि क्लायंटच्या हनुवटीच्या उंचीवर असावेत. ठोसा येताच पॅड दोन-तीन इंच पुढे नेऊन त्याला भेटवावा. फार पुढे चापट मारल्यासारखा आणला तर क्लायंटच्या मनगटाला झटका बसतो, आणि मागे ओढला तर त्याचे कोपर ताणले जाते. तुमची स्वतःची कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे खाली हवेत.

आधी क्रमांक उच्चारा, मग पॅड दाखवा, आणि ठोसे संपल्यावर पॅडने हलकेच क्लायंटच्या गार्डला, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापाशी धरलेल्या हातांना, स्पर्श करा, म्हणजे हात गालाशी परतले आहेत की नाहीत ते त्यालाच कळते. समाजमाध्यमांवर दिसणारे दहा-बारा ठोशांचे चमकदार क्रम सहा महिने तरी बाजूला ठेवावेत. त्यांत प्रशिक्षकाचाच हात नाचतो आणि क्लायंट त्याच्या मागे धावतो.

पहिल्या वर्षी मी सकाळी लागोपाठ पाच क्लायंटना पॅड देत होते. सातव्या महिन्यात उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ बसली की पोह्याची प्लेट उचलता येईना. आता मी लागोपाठ दोनपेक्षा जास्त जणांना पॅड देत नाही, तिसऱ्याला बॅगेचे आणि शॅडोचे काम देते. तुम्हीही पॅडचा सराव क्लायंटवर करू नका. एखाद्या जुन्या सहकाऱ्याबरोबर महिनाभर एकमेकांना पॅड देऊन पाहा, आणि त्यात एक डावखुरा जरूर असू द्या.

९. एका तासाची आखणी

दहा मिनिटे अंग गरम करणे, पंधरा मिनिटे शॅडो आणि नवे तंत्र, त्यानंतर पॅड किंवा बॅगेचे पाच राउंड, दहा मिनिटे ताकदीचे व्यायाम आणि उरलेला वेळ ताण देऊन अंग शांत करणे, अशी माझी सर्वसाधारण विभागणी असते. हौशी स्पर्धेतील राउंड ३ मिनिटांचा आणि विश्रांती १ मिनिटाची असते, पण नवख्याला ३ मिनिटे देऊ नका. २ मिनिटे काम आणि १ मिनिट विश्रांती यापासून सुरू करा. जोर किती द्यावा हे ठरवायला घड्याळापेक्षा बोलणे उपयोगी पडते. विश्रांतीच्या मिनिटात क्लायंटला एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर पुढचा राउंड हलका करा. बॅग मात्र पाचव्या आठवड्याआधी नाही, आणि तेव्हाही निम्म्या जोरानेच.

प्रत्येकाची वेगळी वही ठेवा. तारीख, राउंड, काय शिकवले आणि कुठे दुखले एवढेच लिहायचे असते.

१०. जागा आणि फी

अंबाझरी किंवा फुटाळा परिसरात सकाळी शिकवणे आकर्षक वाटते, परंतु सार्वजनिक उद्यानात फी घेऊन वर्ग घ्यायचा असल्यास महापालिकेच्या उद्यान विभागाकडे परवानगीची चौकशी आधी करावी. अपार्टमेंटच्या गच्चीवर शिकवायचे तर सोसायटीचे पत्र घ्या आणि दोरीच्या उड्या तिथे टाळा, खालच्या मजल्यावरचे काका वर येतातच. घरी जाऊन शिकवताना प्रवास हिशेबात धरा. मनीषनगरहून जरीपटक्याला जाऊन तासाचे ५०० रुपये घेतले आणि जाण्यायेण्यात दीड तास गेला, तर तुमची खरी मिळकत तासाला २०० रुपये होते, पेट्रोल वेगळेच. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि न सांगता बुडवलेला तास मोजला जाईल हे संमतिपत्रातच लिहा.

अल्पवयीन मुलामुलींचा तास बंद खोलीत एकट्याने घेऊ नये. पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती नजरेच्या टप्प्यात असावी. स्टान्स दुरुस्त करताना हात लावण्यापूर्वी विचारावे, मोठ्यांनाही.

११. नागपूरचे ऊन आणि पाऊस

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वर्ग पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवावा. संध्याकाळी भिंती आणि गच्ची दिवसभराची उष्णता ओकत असतात, त्यामुळे संध्याकाळचा वर्ग पहाटेपेक्षा कठीण जातो. राउंडची संख्या कमी करा आणि पाण्यासोबत ओआरएस ठेवा. क्लायंट असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा उत्तर देईनासा झाला, तर तो थकवा समजू नका. त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा.

कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. जून-जुलैत तोच खोलीत दमटपणा भरतो आणि घाम वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात तो बंद करून खिडक्या उघडाव्यात. या दिवसांत ग्लोव्हज पिशवीत बंद ठेवल्यास दोन आठवड्यांत बुरशी धरतात. तासानंतर ते आतून कोरड्या कापडाने पुसावेत, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली तोंड उघडे ठेवून टांगावेत आणि तासाभराने बोळे बदलावेत. बँडेज रोज धुवावे. ते वाळत नसेल तर दोन जोड्या घ्याव्यात, पण ओले बँडेज बांधून कोणालाही पॅडसमोर उभे करू नये.